फिओना शॉ साठीला टेकल्यावर टीव्हीवर एवढी कशी चमकली? तिचं काम कुठून बघायला सुरुवात करावी?

‘किलिंग ईव्ह’ या मालिकेच्या आधी ही बाई होती कुठे, असं तुम्ही विचारलंय. हॅरी पॉटरची खाष्ट मावशी सोडली तर तिला कशात बघितल्याचं आठवत नाही, असंही म्हटलंय. ती रंगमंचावर होती, आणि तिथे तीसेक वर्षं मुख्य भूमिका करत होती. फक्त नाटकाचा प्रयोग संपला की संपतो, म्हणून आपल्यापर्यंत काही पोचलं नाही.

जन्म १९५८चा, आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यातला. कॉर्कच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकली, मग लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशाळेतून १९८२मध्ये बाहेर पडली. पुढची कारकीर्द मुख्यतः इंग्लंडमध्ये झाल्यामुळे बरेच जण तिला ब्रिटिश समजतात. ती आयरिश आहे, म्हणूनच २००१मध्ये मिळालेला सीबीई हा ब्रिटिश किताब ‘मानद’ होता.

तिची कारकीर्द समजून घ्यायची तर डेबोरा वॉर्नर हे नाव लक्षात ठेवा. १९८८च्या ‘इलेक्ट्रा’पासून या दिग्दर्शिकेबरोबर तिने वारंवार काम केलं. एकाच दिग्दर्शकाबरोबर इतकी वर्षं काढण्याचा फायदा असा की जोखीम घेता येते. १९९५मध्ये तिने लंडनच्या नॅशनल थिएटरच्या सर्वांत लहान रंगगृहात शेक्सपिअरचा दुसरा रिचर्ड केला. बाईने राजा व्हायचं म्हणून समीक्षकांनी आधीच भुवया उंचावल्या होत्या. ‘मेडीआ’ (बातम्यांचा मीडिया नव्हे, पोटच्या पोरांना मारणारी ग्रीक नाटकातली आई) २०००मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरात सुरू झालं, लंडनला गेलं आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेपर्यंत पोचलं. तिथे तिला टोनी या अमेरिकी नाट्यपुरस्काराचं नामांकन मिळालं.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र २००७च्या ‘हॅपी डेज’मध्ये आहे. बेकेटच्या या नाटकात विनी नावाची बाई पहिल्या अंकात कमरेपर्यंत मातीच्या ढिगात गाडलेली असते. हात मोकळे असतात, त्यामुळे पिशवी, टूथब्रश, आरसा, छत्री, पिस्तूल यांच्याशी खेळत वेळ काढता येतो. दुसऱ्या अंकात माती गळ्यापर्यंत आलेली. संहितेतली सूचना स्पष्ट आहे: मान वळवायची नाही, झुकवायची नाही, वर करायची नाही. उरतात डोळे, ओठ आणि आवाज. एवढ्या भांडवलावर मोठं प्रेक्षागृह धरून ठेवायचं. कॅमेऱ्याचा क्लोजअप नटाकडून दुसरं काय मागतो? गळ्याखालचं सगळं काढून घेतो. नाटकातले नट टीव्हीवर फसतात ते इथेच. शेवटच्या रांगेला दिसावी म्हणून वाढवलेली भुवई क्लोजअपमध्ये वेडीवाकडी दिसते. फिओनाने भुवई कमी केली, पण वाक्याचं वजन तेवढंच ठेवलं.

‘किलिंग ईव्ह’च्या पहिल्या सीझनच्या सुरुवातीलाच याचा नमुना आहे. कॅरोलिन, म्हणजे फिओनाने केलेली गुप्तचर अधिकारी, चालता चालता नायिका ईव्हला सांगते की इथे एकदा एका उंदराला कोकच्या कॅनमधून पिताना पाहिलं होतं, दोन्ही हातांनी धरून. हे ती गुप्तचर खात्याचा अहवाल द्यावा तसं म्हणते. हसत नाही, थांबत नाही, समोरचीच्या प्रतिक्रियेकडे बघतही नाही. विनोद फुकट घालवण्याचा हमखास मार्ग म्हणजे तो विनोद आहे असं चेहऱ्याने आधीच सांगणं, आणि ते ती कधी करत नाही. या भूमिकेसाठी २०१९मध्ये तिला सहायक अभिनेत्रीचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी एमी या अमेरिकी टीव्ही पुरस्काराची दोन नामांकनंही होती, एक यासाठी आणि दुसरं ‘फ्लीबॅग’ या मालिकेतल्या पाहुण्या भूमिकेसाठी. दोन्हीकडे लेखिका फीबी वॉलर-ब्रिज (‘किलिंग ईव्ह’च्या पहिल्या सीझनपुरती). असं कोरडं, तिरकं लिहिणारी लेखिका भेटणं हा नशिबाचा भाग, तोही नाकारता येत नाही.

सगळंच काही चाललं नाही. कोल्म टोबीनचं ‘द टेस्टामेंट ऑफ मेरी’ हे एकपात्री नाटक २०१३मध्ये ब्रॉडवेवर लागलं. सर्वोत्कृष्ट नाटकासह टोनीची तीन नामांकनं मिळाली, तिला स्वतःला मात्र नाही, आणि सोळा नियमित प्रयोगांत ते बंद पडलं. ब्रॉडवेचं गणित निर्दय आहे: दर आठवड्याचा खर्च तिकीटविक्रीतून निघाला नाही की पडदा पाडतात, मग समीक्षा कशीही असो. तेच नाटक पुढच्या वर्षी लंडनच्या बार्बिकनमध्ये झालं.

आता काय बघावं. ‘फ्लीबॅग’च्या दुसऱ्या सीझनचा दुसरा भाग घ्या. त्यात तिचा समुपदेशकाचा एकच प्रसंग आहे. नायिका फ्लीबॅग सवयीने कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे बघत राहते. समोरची बाई मात्र नजर न हलवता प्रश्न विचारत जाते, आणि आपणच उघडे पडल्यासारखं वाटतं. त्यानंतर ‘किलिंग ईव्ह’चा पहिला सीझन. पुढचे सीझन कमजोर होत गेले, पण तिची दृश्यं टिकतात. ‘अँडोर’ (२०२२) स्टार वॉर्सची आवड नसली तरी बघा, तिने केलेल्या मार्व्हासाठी. ‘ट्रू ब्लड’ या मालिकेतली तिची २०११ची मार्नी मला भडक वाटते, ती शेवटी ठेवा. हॅरी पॉटरवरून तिला जोखू नका, त्या मावशीला पटकथेत फारसं काही दिलेलंच नाही.

रंगमंचावरची फिओना बघायची असेल तर बीबीसीने चित्रित केलेला ‘रिचर्ड द सेकंड’ शोधा. राजत्यागाच्या प्रसंगात रिचर्ड आणि त्याचं राज्य घेणारा बोलिंगब्रोक मुकुटाला दोन बाजूंनी हात लावतात, तिथे तिचा चेहरा बघा. शेक्सपिअरची इंग्रजी जड जात असेल तर चौथ्या अंकाची संहिता शेजारी उघडी ठेवा, आणि त्या प्रसंगाआधी एकदा नुसती वाचून घ्या.