'इष्टुर फाकडा': इष्टुर कोण, आणि फाकडा कशाला?

वडगावच्या लढाईच्या गोष्टीत एका इंग्रजाला 'इष्टुर फाकडा' म्हणतात. यातला इष्टुर म्हणजे 'इष्ट शूर' का, आणि हरलेल्या फौजेतल्या माणसाला फाकडा का म्हणावे, असा प्रश्न आला आहे.

'इष्ट'चा इथे काही संबंध नाही. हा कॅप्टन स्टुअर्ट. शब्दाच्या आरंभी 'स्ट' आला की मराठी जीभ आधी 'इ' लावते: इस्टेशन, इस्टूल. पुढच्या 'ट'मुळे 'स'चा 'ष' झाला, शेवट आखडला, आणि स्टुअर्टचा इष्टुर झाला.

'फाकडा' मात्र जपून वाचावा. नुसता शूर तो फाकडा नव्हे. शौर्याला ऐट हवी, रुबाब हवा, अंगावर चालून जाण्याची हौस हवी. पेशवाईत साडेतीन शहाणे, तसे अडीच फाकडे सांगतात. मानाजी शिंदे आणि कोन्हेरराव एकबोटे पूर्ण, अर्धा हा इष्टुर. शत्रूला या पंगतीत बसवायला मन मोठे लागते. मला हे नाव म्हणूनच फार आवडते.

आता हरण्याचे. राघोबादादांना पुण्यात आणून बसवायला मुंबईहून निघालेल्या या फौजेत माणसे सुमारे ३,९०० आणि सामान वाहणारे बैल सुमारे १९,०००! एवढे लटांबर सांभाळत घाटमाथ्यावरून तळेगाव गाठायला त्यांना दोन आठवडे लागले. अंतर जेमतेम पस्तीस किलोमीटर. सेनापती एगर्टन आजारी, निर्णय समितीने घ्यायचे. मराठी सरदार राघोबांना येऊन मिळतील हा भरवसाही फोल ठरला. महादजी शिंदे, तुकोजी होळकर यांच्या फौजांनी समोर ठाकण्यापेक्षा बगलेवर मारा केला, रसद मारली, वाटेवरचा दाणागोटा राहू दिला नाही. ९ जानेवारी १७७९ ला इंग्रज तळेगावात पोचले तर गाव जाळून ओस पाडलेले. माणसांना धान्य नाही, बैलांना वैरण नाही. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून ते मागे फिरले, वडगावात कोंडले गेले आणि १६ तारखेला तहावर आले.

नोव्हेंबरातच आघाडीवर जाऊन बोरघाट धरणारा इष्टुर ४ जानेवारीलाच कार्ल्याला पडला होता. तोफा तळ्यात ढकलायचे ठरले तेव्हा तो हयात नव्हता.