मायक्रोआरएनएमुळे थायरॉइडचा कॅन्सर पसरतो का?

हो, पसरायला हातभार लागतो. काही मायक्रोआरएनए वाढल्यामुळे, काही घटल्यामुळे. मायक्रोआरएनए म्हणजे सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या मूळ घटकांचा) छोटा आरएनए तुकडा. तो प्रथिनाची कृती वाहून नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएला चिकटतो आणि त्यावरून प्रथिन बनणं दाबतो. पॅपिलरी या थायरॉइड कॅन्सरच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात मिर-२२१ आणि मिर-२२२ हे मायक्रोआरएनए वाढतात, त्यामुळे पी२७ हा प्रथिनरूपी पेशीविभाजनाचा ब्रेक सैल होतो. मिर-१४६बी वाढलं की पेशीत संदेश पोचवणारं एसमॅड४ प्रथिन दबतं आणि टीजीएफ-बीटा या संकेत देणाऱ्या प्रथिनाचा ‘वाढ थांबव’ हा संदेश पोचत नाही. अ‍ॅनाप्लास्टिक या दुर्मिळ, सर्वात आक्रमक प्रकारात मात्र मिर-२०० कुटुंब (मायक्रोआरएनएंचा एक गट) घटतं. त्यामुळे ई-कॅडहेरिन दाबणारी झेब१ आणि झेब२ ही प्रथिनं मोकाट सुटतात, पेशींना एकत्र धरणारं ई-कॅडहेरिन प्रथिन कमी होतं, पेशींची एकमेकींवरची पकड सुटते आणि त्या शेजारच्या ऊतींमध्ये घुसतात. पण रिपोर्टमध्ये मिर-१४६बी वाढलेलं दिसलं म्हणजे कॅन्सर पसरलाच, असं समजू नका. ते मानेची सोनोग्राफी आणि लसिकाग्रंथींच्या तपासणीवरून ठरतं.