शिबिरानंतरचा सोमवार

प्रश्न : स. न. वि. वि. ऐरोलीतील एका शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (विकासात मागे पडणाऱ्या लहान मुलांना लवकर मदत देणाऱ्या केंद्रात) मी विशेष शिक्षिका आहे. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी मी सीआरईची, म्हणजे निरंतर पुनर्वसन शिक्षणाची, शिबिरे नियमित करते, टिपणेही काढते. पण सोमवारी वर्गात गेल्यावर माझे शिकवणे पहिल्यासारखेच राहते. प्रशिक्षण कसे निवडावे?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : शिबिरे सोडू नका, हे आधी सांगते. 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखालील आपली नोंदणी त्यांच्यावर टिकते आणि नवी माहितीही तिथेच मिळते. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले आणि स्वमग्नतेचा त्यात स्पष्ट समावेश झाला. त्यामुळे जुन्या पदविकेच्या शिदोरीवर आज भागत नाही. मात्र हाताला वळण लागते ते आपले काम कोणीतरी जवळून पाहिल्यावरच, असा माझा अनुभव आहे.

मी ठाण्यात काम करत असताना एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी माझ्या सत्राचे दहा मिनिटे चित्रीकरण केले. समोर तीन वर्षांचा, अजून न बोलणारा मुलगा होता आणि माझ्या हातात साबणाच्या फुग्यांची बाटली. ‘हवं? बोल, हवं. काय हवं?’ असे मी एका दमात विचारत होते आणि नेमके त्याच वेळी त्याने बाटलीकडे व मग माझ्याकडे पाहिले, ते मला दिसलेच नव्हते. मुलाला प्रतिसादासाठी वेळ द्यावा, हे मी परीक्षेत व्यवस्थित लिहिले होते. दुसऱ्या दिवशी मनात पाच आकडे मोजून गप्प बसले, तेव्हा त्याने बाटली उचलून माझ्या हातात ठेवली.

म्हणून प्रशिक्षण निवडताना आयोजकांना दोनच गोष्टी विचारा : प्रत्यक्ष मुलांसोबत सराव आहे का, आणि महिन्याभराने कोणी आमचे काम पाहणार आहे का? खारघर येथे बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे, वांद्र्याला वाक् व श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग संस्था आहे आणि वाशीला महापालिकेचे ईटीसी हे दिव्यांगांसाठीचे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे चौकशी आपल्याला अवघड नाही. शिबिराहून परतल्यावर एकच कौशल्य आणि एकच मूल निवडून चार आठवडे त्यावर काम करा, आणि आठवड्यातून दहा मिनिटे सहकारी शिक्षिकेला किंवा वाचा उपचारतज्ज्ञांना शेजारी बसवून पाहायला सांगा. चित्रीकरण करणार असाल, तर पालकांची लेखी संमती घ्या. तेच कौशल्य आईला आंघोळीच्या किंवा जेवणाच्या वेळी वापरायला शिकवा, कारण मूल आपल्याकडे तासभर असते आणि घरी दिवसभर.

जवळच्या अंगणवाडीतील ताईंनाही यात घ्यावे, असे मला वाटते. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल, म्हणजे ठरावीक कार्यपद्धती, आणला असून विकासातील विलंब लवकर ओळखण्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. त्यांना एखादे निरीक्षण समजावून देताना आपलेही ज्ञान पक्के होते.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खुपते. अनेक शिक्षिका रविवार मोडून आणि पदरचे पैसे घालून शिकतात. परस्परांचे काम पाहण्याचा वेळ हा कामाचाच वेळ आहे, हे संस्थाचालकांना लेखी कळवा आणि सुरुवातीला शनिवारचा अर्धा तास मागून घ्या.