साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी (२१ किलोमीटर) रनिंग सुरू करतोय, जिम आधीपासून चालू आहे. आठवडा कसा बसवू? मसल जातील का?

तुम्ही दिलेल्या माहितीप्रमाणे वजन ७२ किलो, स्क्वॉट ८० किलोला पाच रेप्स (सलग पाच वेळा), जिम आठवड्यातून चार दिवस, राहायला पुण्यात आणि रेस चार महिन्यांवर. उत्तर त्याच हिशोबाने देतो.

मसल इतक्या सहज जात नाहीत. या भीतीचं मूळ रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकाच्या १९८० सालच्या अभ्यासात आहे. त्यातला एक गट आठवड्यातून पाच दिवस जड वेट्स आणि शिवाय सहा दिवस जोरदार सायकलिंग-रनिंग करत होता. दहा आठवड्यांच्या त्या कार्यक्रमात सातव्या आठवड्याच्या सुमारास त्यांची ताकद वाढायची थांबली आणि शेवटी शेवटी घटली. पण आठवड्याला अकरा कडक सेशन्स नोकरी सांभाळून कोण करतं? आपल्याकडे घोळ होतो तो वेगळाच. सोमवारी लेग डे, मंगळवारी वेगाचं रनिंग, गुरुवारी पुन्हा पाय, रविवारी लाँग रन. पाय कधीच ताजे नसतात, त्यामुळे ना रनिंग धड होतं ना स्क्वॉट वाढतो.

म्हणून पायांची दोन्ही कडक कामं एकाच दिवशी उरका. मंगळवारी सकाळी इंटरव्हल्स (थोडं जोरात, थोडं सावकाश असं आलटून-पालटून धावणं) किंवा चढ आणि संध्याकाळी पायांचे जड वेट्स, मध्ये किमान सहा तास. बुधवारी छाती-पाठ-खांदे. गुरुवारी ४० मिनिटं सावकाश रनिंग. शुक्रवारी वरचं शरीर आणि शेवटी पायांचं थोडंसं काम. शनिवारी सुट्टी, रविवारी लाँग रन, सोमवारी पुन्हा सुट्टी. जिमचे चार दिवस तीन झाले म्हणून हळहळू नका. चार महिने रनिंगला झुकतं माप द्यायचं आणि ताकद टिकवायची, एवढंच ठरवा. दोन्हीकडे एकदम रेकॉर्ड मोडायला जाल तर एकही मोडणार नाही.

मंगळवारी दोनदा वेळ काढता येत नसेल तर आधी रनिंग करा आणि मग वेट्स, पण स्क्वॉटचं वजन दहा टक्के उतरवा. थकलेल्या पायांनी खाली बसलं की कंबर गोल होते आणि भार मणक्यावर जातो. आणि गादीसारख्या सोलचे रनिंग शूज घालून स्क्वॉट मारू नका, पाय डुगडुगतो. सपाट कॅनव्हासचे बूट बरे.

पायांचं सेशन छोटंच ठेवा. स्क्वॉट ७० किलोने ५ रेप्सचे ३ सेट, रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून पुढे झुकत बार खाली नेणं आणि वर आणणं) ८ रेप्सचे ३ सेट, मग पोटऱ्या. दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं थांबा आणि प्रत्येक सेट आणखी दोन रेप्स निघतील अशा ठिकाणी सोडा. ‘रनर आहेस ना, मग हलकं वजन घे आणि वीस-वीस रेप्स मार’ हा जिममध्ये हमखास मिळणारा सल्ला ऐकू नका. दमसास रनिंगमधून मिळतोच, बारमधून ताकद घ्यायची. रोमानियन डेडलिफ्ट शुक्रवारी नको. मांडीच्या मागच्या बाजूचं दुखणं २४ ते ४८ तासांनी सर्वात जास्त असतं, म्हणजे नेमकं लाँग रनच्या वेळी.

पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर एका पायाचा चवडा ठेवा, हातात डंबेल घ्या, कठड्याला फक्त तोलापुरतं बोट लावा. टाच दोन सेकंदांत खाली न्या, तळाशी क्षणभर थांबा, मग वर. उसळी घेतलीत तर काम टाचेमागची शीर करते, स्नायू नाही. प्रत्येक पायाला १२ रेप्सचे दोन सेट गुडघा सरळ ठेवून आणि दोन गुडघा किंचित वाकवून. वाकवल्यावर भार पोटरीच्या आतल्या सोलियस या स्नायूवर येतो आणि धावताना सर्वात जास्त राबतो तो हाच.

साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने उतरायचं. सगळे चढाची तयारी करतात, पण मांड्या जातात उतारावर, कारण तिथे स्नायू ताणला जात असतानाच भार झेलत असतो. म्हणून शुक्रवारी आठ इंची पायरीवर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंदांत जमिनीला टेकवा, प्रत्येक पायाला ८ रेप्सचे ३ सेट. गुडघा आत झुकू देऊ नका. शिवाय दर दोन आठवड्यांनी वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी १५-२० मिनिटं उतारावर धावा, शेवटचं रेसच्या दोन आठवडे आधी.

लाँग रन ८ किलोमीटरपासून सुरू करा, दर आठवड्याला एक वाढवा, दर चौथ्या आठवड्याला दोन-तीन कमी करा आणि १७-१८ वर थांबा. वेग असा हवा की पूर्ण वाक्य बोलता यावं. जिमवाल्यांना हे सर्वात जड जातं, त्यांना दम लागल्याशिवाय व्यायाम झाल्यासारखंच वाटत नाही.

खाण्याचं म्हणाल तर रोज ११५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. चार अंडी २४, पन्नास ग्रॅम सोया चंक्स २५, शंभर ग्रॅम पनीर १८ आणि वाटीभर आमटी फार तर ५-६, त्यामुळे वरण-भातावर भागणार नाही. पण मंगळवारी दुपारी भात-पोळी टाळून काकडी खाल्लीत तर संध्याकाळी बार उठणार नाही. स्क्वॉट सलग दोन आठवडे घसरला तर आधी जेवण आणि झोप तपासा, प्रोग्रॅम नंतर बदला.

नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेलं दुखणं असेल तर रनिंग निम्म्यावर आणा. पण एका बोटाने दाखवता येईल अशाच जागी दुखत असेल आणि रात्रीही ठणकत असेल तर रनिंग बंद करून थेट ऑर्थोपेडिककडे जा. हाडाला बारीक चीर असू शकते.

रेसच्या दोन आठवडे आधी पायांचे सेट निम्मे करा, वजन तेच राहू द्या. शेवटचं लेग सेशन सहा दिवस आधी. रेसनंतर जिना उतरताना मांड्या दुखायच्या थांबल्या की मगच स्क्वॉट, तोही पहिल्या दिवशी रिकाम्या बारने.