बिलं मशीन वाचेल हो, पण सही कोणाची? ऑफिस ऑटोमेशनवर तुमचे प्रश्न

प्रश्न: सर, मी चाकणला पार्ट्सच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. सप्लायरची बिलं मेलवर पीडीएफ येतात, मी एकेक उघडून एक्सेलमध्ये टाकते आणि मग टॅलीत परत तेच. आता साहेब म्हणतात एआयने सगळं आपोआप होतं. खरंच होतं का? आणि चुकलं तर बोलणी मलाच ना?

उत्तर: बोलणी तुम्हालाच बसणार ताई, म्हणून जरा सविस्तर सांगतो. साहेबांचं अर्धं बरोबर आहे. आधीची बिल वाचणारी सॉफ्टवेअर्स बहुतेक टेम्प्लेटवर चालायची, म्हणजे बिल नंबर कुठल्या कोपऱ्यात, टोटल कुठे, हे प्रत्येक सप्लायरसाठी वेगळं शिकवायचं, आणि त्याने बिलाचा फॉरमॅट बदलला की झालं, परत पहिल्यापासून. आता एआयवाली टूल्स फॉरमॅट कसाही असला तरी नंबर, तारीख, रक्कम शोधून काढतात, स्कॅन थोडं वाकडं असलं तरी चालतं. हा फरक खरंच मोठा आहे.

पण ही टूल्स चुकतात तेव्हा गुपचूप चुकतात. ३ चा ८ होतो आणि शीटमध्ये तो आकडा अगदी शहाण्यासारखा बसलेला दिसतो. म्हणून तपासणी एआयकडे देऊ नका, ती साध्या फॉर्म्युल्याने करा: करपात्र रक्कम अधिक टॅक्स केल्यावर टोटल जुळते का, जीएसटी नंबर १५ अक्षरी आहे का आणि सप्लायर महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो का, पीओतला (तुम्ही दिलेल्या खरेदी ऑर्डरमधला) रेट तोच आहे का, हाच बिल नंबर आधी येऊन गेलाय का. जुळलं नाही ते बिल बाजूला काढायचं आणि तेवढंच तुम्ही डोळ्याने बघायचं.

आणि एक गोष्ट, जी टूल विकणारे सहसा सांगत नाहीत. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या बहुतेक धंद्यांना दुसऱ्या धंद्याला बिल देताना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचं आहे, म्हणजे तुमच्या बऱ्याच सप्लायरच्या बिलावर क्यूआर कोड असणारच. त्यात दोघांचे जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, एकूण रक्कम, आयआरएन (पोर्टलने त्या बिलाला दिलेला नंबर) एवढं डिजिटल सहीसकट असतं. मग तिथे एआयला पीडीएफ वाचायला लावायचंच कशाला, कोड स्कॅन करा की! एकेका आयटमचे रेट मात्र त्यात नसतात, त्यासाठी पीडीएफ लागेल. टॅलीत परत टाइप करणं तर बंदच करा, टॅलीप्राइम ४.० पासून एक्सेलमधल्या एन्ट्री थेट इंपोर्ट होतात. पेमेंटचं बटण मात्र माणसानेच दाबायचं, आणि कोणी दाबायचं ते साहेबांकडून मेलवर लिहून घ्या.

प्रश्न: नागपूरला आमची छोटी एजन्सी आहे. वेबसाइटवरून लीड (नव्या गिऱ्हाइकाची चौकशी) आली की शीटमध्ये जाते, मेल जातो, टीमला मेसेज जातो, हे सगळं झॅपियर या ॲप एकमेकांना जोडणाऱ्या टूलवर आहे पण बिल वाढत चाललंय. एनएटएन (n8n) हे तसंच टूल फुकट आहे म्हणतात, शिफ्ट व्हावं का?

उत्तर: आधी मोजणी कशी होते ते बघा. झॅपियर प्रत्येक ॲक्शन वेगळी मोजतं, म्हणजे तुमच्या एका लीडमागे तीन टास्क गेले. एनएटएनच्या क्लाउडवर अख्खा वर्कफ्लो (पायऱ्यांची पूर्ण साखळी) एकदा चालला की एक मोजतात, पायऱ्या कितीका असेनात. फुकट आहे ती स्वतःच्या सर्व्हरवर टाकायची कम्युनिटी आवृत्ती, आणि फुकट म्हणजे काय तर सर्व्हरचं भाडं, अपडेट, बॅकअप सगळं तुमच्या गळ्यात. तिची एन्क्रिप्शन की (पासवर्ड कुलूपबंद ठेवणारी किल्ली) वेगळी जपून ठेवा, ती हरवली तर सेव्ह केलेले पासवर्ड आणि टोकन (दुसऱ्या ॲपने दिलेले प्रवेशाचे परवाने) उघडत नाहीत, सगळी अकाउंट्स नव्याने जोडत बसावं लागतं. ऑफिसात सर्व्हर सांभाळणारं कोणी असेल तर खुशाल जा. नसेल तर झॅपियरमध्येच फिल्टर अगदी सुरुवातीला लावा, स्पॅम लीड तिथेच अडली की पुढचे टास्क मोजले जात नाहीत, कदाचित तेवढ्यानेच बिल आटोक्यात येईल.

आता काय हवं ते साध्या वाक्यात लिहिलं की ही टूल्स फ्लोचा सांगाडा बनवून देतात, मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेटमध्येपण हे आहे. वेळ वाचतो, नक्की वाचतो. पण शीट डिलीट झालं, टोकन संपलं, तर काय करायचं हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यात सहसा येत नाही. एनएटएनमध्ये त्यासाठी वेगळा एरर वर्कफ्लो लावता येतो, तो पहिल्याच दिवशी लावा, नाहीतर दोन आठवडे लीड येत नाहीयेत हे क्लायंटच तुम्हाला सांगेल.

प्रश्न: पणजीत हॉटेलचं स्टोअर बघतो. मालकांना खरेदीचं अप्रूव्हल व्हॉट्सॲपवरच पाहिजे. एकाने साध्या नंबरवरून ऑटोमॅटिक मेसेज पाठवणारं स्वस्त टूल दाखवलंय, घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. साध्या नंबरवर असली अनधिकृत टूल्स चालवणं व्हॉट्सॲपच्या नियमात बसत नाही, नंबर बॅन होऊ शकतो. अधिकृत बिझनेस एपीआय (ऑटोमॅटिक मेसेजसाठी व्हॉट्सॲपचीच सोय) घ्या, नाहीतर मालकांना पॉवर ऑटोमेटचं अप्रूव्हल मेलवर पाठवा, मोबाइलवर मेल उघडून हो किंवा नाही दाबायचं, आणि कोणी कधी दाबलं याची नोंदपण राहते. तरी व्हॉट्सॲपच हवं असेल तर एपीआयसाठी बुकिंगचा नंबर अडकवू नका, वेगळं सिम घ्या.