मोखाची कॉफी : होडीपलीकडची गोष्ट

प्रश्न : येमेनी वंशाच्या एका अमेरिकी तरुणाने ऐन युद्धात कॉफीचे नमुने होडीतून देशाबाहेर नेले आणि आपल्या पूर्वजांच्या भूमीतला बुडालेला कॉफीव्यापार पुन्हा उभा केला, असे वाचनात आले. यात तथ्य किती? आणि युद्ध चालू असताना असा व्यापार उभा राहतो, म्हणजे नेमके काय होते?

उत्तर : होडीची गोष्ट खरी आहे. हा तरुण म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत वाढलेला मुख्तार अलखन्शली. सप्टेंबर २०१४ मध्ये हूथी बंडखोरांनी राजधानी साना ताब्यात घेतली आणि मार्च २०१५ च्या अखेरीस सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीने हवाई हल्ले सुरू केले, तेव्हा तो येमेनमध्येच होता. एप्रिलमध्ये सिअ‍ॅटल येथे भरणाऱ्या कॉफी-प्रदर्शनाला त्याला पोहोचायचे होते. अमेरिकेने आपल्या नागरिकांना बाहेर काढण्याची व्यवस्था केली नाही (भारतीय नौदलाने ‘ऑपरेशन राहत’मध्ये भारतीयांबरोबर अनेक परदेशी नागरिकांनाही सोडवले, हे वाचकांना आठवत असेल), त्यामुळे तो मोखा बंदरातून एका लहान होडीने समुद्र ओलांडून आफ्रिकेतल्या जिबूतीला गेला आणि तिथून नमुन्यांसह प्रदर्शनाला पोहोचला. पुढे २०१६ मध्ये त्याची कॉफी अमेरिकेत एका कपाला १६ डॉलर या दराने विकली गेली.

तरीही माझ्या मते होडी हा या कथेतला सर्वांत चित्तवेधक आणि सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. येमेनची कॉफी या युद्धाने बुडवली नव्हती. ती त्याआधी दोन-तीनशे वर्षे बुडतच होती. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी साधक रात्रीच्या जपासाठी जागे राहावे म्हणून कॉफी पीत. सतराव्या शतकात डोंगरातली कॉफी बैत अल-फकीहच्या बाजारात उतरे आणि मोखा बंदरातून जगभर जाई. येमेनची ही मक्तेदारी मोडली ती बाहेर गेलेल्या बियांनी. सूफी संत बाबा बुदन यांनी येमेनमधून सात बिया लपवून चिकमगळूरला आणल्याची आख्यायिका प्रसिद्धच आहे. डचांनी जावा बेटावर लागवड केली आणि १७२० च्या दशकात अ‍ॅमस्टरडॅमच्या बाजारात जावाने मोखाला मागे टाकले. १८३९ मध्ये ब्रिटिशांनी एडन घेतल्यावर तर मोखा बंदर जवळजवळ ओस पडले. आज जगाच्या कॉफी-उत्पादनात येमेनचा वाटा एक टक्काही नाही.

त्यात कातची भर पडली. (हा विड्यातला कात नव्हे, ही चघळून नशा घेण्याची हिरवी पाने.) कॉफीचे पीक वर्षातून एकदा हाती येते, तर कातची पाने पाणी दिले की वर्षभरात अनेकदा खुडता येतात आणि त्याच दिवशी रोख पैसा मिळतो. पाण्याची टंचाई असलेल्या त्या देशात भूजलाचा मोठा वाटा हे पीक पिते, हे शेतकऱ्यालाही कळते. पण पोटाची निकड असलेल्या माणसाला तो हिशेब सांगून उपयोग नसतो.

म्हणून व्यापार पुन्हा उभा करायचा तर आधी कॉफी पिकवणे परवडले पाहिजे, आणि परवडायचे तर ती चांगली हवी. येमेनमधल्या हराज किंवा हैमाच्या डोंगरात घडीव पायऱ्यांसारखी शेते आहेत. कॉफीची फळे एकाच फांदीवर एकाच वेळी पिकत नाहीत. लाल, पिवळी आणि हिरवी शेजारी शेजारी असतात. एकाच खेपेत फांदी ओरबाडली तर सगळी एकत्र येतात, आणि कच्च्या फळांचा तुरटपणा सगळ्या मालाला लागतो. फळे घराच्या धाब्यावर सालीसकट वाळवण्याची जुनी रीत उत्तमच आहे, मात्र थर जाड झाला आणि वेळेवर हलवला नाही तर ती आंबतात. शिवाय दलाल नव्या-जुन्या, चार गावांच्या मालाची एकत्र मिसळ करीत, त्यामुळे नीट निवडून तोडणाऱ्यालाही तोच भाव मिळे. अलखन्शलीने नेमके इथे हात घातला. त्याने लाल फळांनाच चढा भाव दिला, शेतकऱ्यांना कर्ज दिले आणि गावागावाचा माल वेगळा ठेवला. स्वतः तो कॉफीचा प्रमाणित परीक्षक झाला होता, म्हणून कुठल्या गोणीत दोष आहे, हे तो चव घेऊन सांगू शकत असे. २०१७ मध्ये हैमाच्या कॉफीला एका नामांकित परीक्षणात शंभरपैकी ९७ गुण मिळाले, त्याचे मूळ या निवडण्यात आहे.

युद्धाने या सगळ्यावर वाहतुकीचा खर्च चढवला. डोंगरातून बंदरापर्यंतच्या रस्त्यावर वेगवेगळ्या गटांच्या चौक्या लागतात, सानाचा विमानतळ ऑगस्ट २०१६ पासून मे २०२२ पर्यंत प्रवासी विमानांना बंद होता, आणि नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्याने विम्याचे दर भडकले. स्वस्त कॉफीला हा बोजा पेलवत नाही. महाग कॉफीला कसाबसा पेलवतो. १६ डॉलरचा कप ऐकून भुवया उंचावतात, पण त्या दराखेरीज हा माल डोंगरातून खाली आलाच नसता. अर्थात हा व्यापार एकट्याने उभा केला, असे मात्र म्हणता येणार नाही. येमेनची कॉफी परदेशी पोहोचवणारे इतरही व्यापारी होते आणि आहेत, आणि देशातले बहुसंख्य शेतकरी अजून या चढ्या भावाबाहेरच आहेत.

प्रश्न : मग दुकानांतल्या ‘मोका’ कॉफीत चॉकलेट का असते? आणि येमेनी लोक स्वतः हीच कॉफी पितात का?

उत्तर : नाव बंदराचे, चॉकलेट नंतरचे. येमेनी कॉफीच्या चवीत चॉकलेटची छटा जाणवते, त्यावरून ते नाव त्या मिश्रणाला चिकटले, असे सांगितले जाते. येमेनी घरांत मात्र ‘किश्र’ अधिक प्रिय आहे: बी विकायला काढून घेतल्यावर उरलेली वाळकी टरफले आल्याबरोबर उकळून केलेले, चहासारख्या रंगाचे पेय.