थांबू की घेऊ? : वाचकांचे प्रश्न, दुरुस्तीवाल्याची उत्तरं

प्रश्न : काका, मी चिकोडी तालुक्यातला ऊस उत्पादक. मुलगी बेळगावात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. सहा महिने मैत्रिणीच्या लॅपटॉपवर भागवतेय. पाडव्याला घेऊन देतो असं तिला कबूल केलंय. दुकानदार म्हणतो, नवीन प्रोसेसर जानेवारीतच आलाय, दोन महिने थांबा, जुन्याचे भाव पडतील. मेहुण्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, तो म्हणतो आता काही घेऊच नका, वर्षाअखेरीला त्याहून भारी 'नोव्हा लेक' येतोय. नक्की कधी येणार आणि आम्ही कधी घ्यावा?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : आधी मला सांगा, यंदा तुमच्या फडाला कोयता कधी लागला? दसऱ्याच्या आगेमागे कारखान्याचा बॉयलर पेटतो, पूजा होते, पेपरात फोटो येतो. तो फोटो बघून कुणी शेतकरी 'माझा ऊस गेला' म्हणत नाही. पुढे मोळी पडते, तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा चिटबॉय फिरतो, टोळी येते, आणि तुमच्या बांधाला ट्रॅक्टर लागेस्तोवर संक्रांत उलटते. प्रोसेसरचं अगदी असंच आहे. दुकानदार बॉयलरची तारीख सांगतोय, मेहुण्यांचा मुलगा पुढच्या हंगामाची. तुम्हाला हवी आहे ती तोडीची चिठ्ठी.

आता तारखा बघू. दुकानदार ज्याला नवीन म्हणतोय तो इंटेल या चिप कंपनीचा 'पँथर लेक', खोक्यावर नाव 'कोअर अल्ट्रा सिरीज ३'. त्याची माहिती कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिली, जानेवारी २०२६ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात तो रीतसर बाजारात आणला आणि जगभर विक्रीची तारीख दिली २७ जानेवारी. म्हणजे दुकानदार खोटं बोलत नाही. पण पहिल्या खेपेला येतात ती महागडी मॉडेलं. विद्यार्थ्याच्या बजेटातली मागाहून येतात, आणि बंगळुरू-पुण्याचं पोट भरल्यावर आपल्याकडे.

जाहीर होणं आणि हातात येणं यातलं अंतर प्रत्येक वेळी वेगळं असतं. इंटेलचा 'लुनार लेक' ३ सप्टेंबर २०२४ ला बर्लिनमध्ये जाहीर झाला आणि २४ तारखेला विक्रीला आला, तीन आठवड्यांत. क्वालकॉमचा 'स्नॅपड्रॅगन एक्स एलिट' ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झाला आणि त्याचे लॅपटॉप आले १८ जून २०२४ ला. आठ महिने! या आठ महिन्यांत कितीजण माझ्या काउंटरला कोपर टेकून विचारून गेले, "काका, तो नवीन कधी येऊलालाय?" आणि मी दर वेळी पुढच्या महिन्याकडे बोट दाखवत होतो.

नोव्हा लेकबद्दल इंटेलने स्वतःच २०२६ ची अखेर सांगितली आहे, तेव्हा पोराचंही चूक नाही. फक्त 'वर्षाअखेर' या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे. 'मीटिअर लेक' २०२३ मध्ये आणणार असं सांगितलं होतं, आणि शब्द पाळला: १४ डिसेंबर २०२३ ला. वर्ष संपायला सतरा दिवस राहिले होते. लॅपटॉप खऱ्या अर्थाने दुकानात दिसले ते २०२४ मध्येच. तेव्हा नोव्हा लेकवाला लॅपटॉप, तोही परवडणारा, चिकोडीच्या माणसाच्या हाती २०२७ च्या पाडव्याआधी पडला तर मला नवल वाटेल. हा माझा अंदाज, कंपनीचा नव्हे. तोपर्यंत तुमची मुलगी तिसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षा देऊन मोकळी झालेली असेल.

भाव पडण्याचं म्हणाल तर एरवी मी दुकानदाराच्या बाजूने बोललो असतो. नवी पिढी आली की जुनीवर सूट मिळते, हे खरंच आहे. यंदा मात्र गणित उलटं बसलंय. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीवर अशी धाड घातली आहे की २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव चढतेच आहेत. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशल' हा आपला घरगुती ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझ्या कपाटात क्रुशलच्या चार रॅमकाड्या आहेत, त्या मी आता सोनाराच्या डबीत ठेवतो तशा ठेवल्यात. प्रोसेसर शंभर रुपयांनी उतरला आणि रॅम हजाराने चढली, तर थांबून तुम्ही काय कमावलं?

म्हणून पाडव्याला घ्या. २०२४ किंवा २०२५ चा प्रोसेसर चालेल, छान चालेल. पहिल्या वर्षाला ड्रॉइंग कॉम्प्युटरवरच असतं, पुढे प्रोग्रामिंग, एवढ्याला तो चार वर्षं पुरतो. रॅम १६ जीबीच्या खाली नको, आणि रॅमला रिकामा स्लॉट आहे का हे दुकानदाराला खोकं फोडायच्या आधी विचारा. लुनार लेकमध्ये मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली असते, १६ किंवा ३२ जीबी, जी घ्याल ती कायमची. मशीन झकास आहे, बॅटरी दिवस काढते, पण नंतर माझ्याकडे रॅम वाढवायला आणाल तर मी फक्त चहा पाजू शकेन.

हे सगळं मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नका. साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या भाचीला, निपाणीच्या, मी छातीठोकपणे म्हणालो होतो, "थांब गं, दिवाळीला नवी पिढी येतेय." दिवाळी गेली. तुळशीचं लग्न झालं. बिचारीने अख्खं सेमिस्टर सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून असाइनमेंटं टाइप केली. शेवटी मशीन आलं, मीच उत्साहाने मागचे स्क्रू काढले, आणि आत ४ जीबी रॅम बोर्डावर झाळून बसवलेली, शेजारी स्लॉटच नाही. तिचं लग्न होऊन पोरं झाली, तरी अजून जेवायला गेलो की मांडा ताटात टाकताना विचारते, "मामा, गरम हवा का थांबताय पुढच्या खेपेला?"

---

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या नमुन्याचं, डिझाइन करतो, सॉलिडवर्क्स या सॉफ्टवेअरवर. या प्रोसेसर कंपन्यांकडे अब्जावधी रुपये आहेत, हजारो इंजिनिअर आहेत, मग यांना तारीख का पाळता येत नाही? आम्ही उशीर केला तर गिऱ्हाईक माल परत पाठवतं. आणि इंटरनेटवरच्या 'लीक' झालेल्या तारखांवर किती विसंबावं?
– एक वाचक, अनगोळ

उत्तर : तुम्ही हा प्रश्न विचारावा! नवीन जॉबचं पहिलं सँपल ओतता तेव्हा काय होतं? बाहेरून कास्टिंग टकाटक. मशिनिंगला लावलं की आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, निघतो. मग पॅटर्न दुरुस्त, रायझर हलव, पुन्हा ओत, पुन्हा तपास. चिपचं हेच, फक्त तुमचं सँपल आठवड्यात हाती येतं आणि त्यांचं तीन-एक महिन्यांनी. सिलिकॉनची एक चकती शेकडो टप्प्यांतून जाते. थर चढवायचा, प्रकाशाने नक्षी उमटवायची, खरवडायचं, धुवायचं, पुन्हा पुढचा थर. हे सगळं उरकून चिप हातात आल्यावर चूक सापडली तर मास्क, म्हणजे नक्षीचा छाप, बदलायचा आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं. त्या प्रत्येक फेरीला 'स्टेपिंग' म्हणतात, ए०, बी० अशी नावं देतात. दोन फेऱ्या जास्त लागल्या की अर्धं वर्ष गेलंच म्हणून समजा.

आणि सँपल पास झालं म्हणजे संपलं नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. शंभरात किती नग चांगले निघतात यावर धंदा चालतो. इंटेलचं १० नॅनोमीटरचं तंत्र, म्हणजे आधीच्या १४ पेक्षा बारीक नक्षीचं, तिथेच अडकलं. जुलै २०१५ मध्ये कंपनीने सांगितलं की ते २०१७ च्या उत्तरार्धावर गेलंय. २०१८ मध्ये नावापुरती एक चिप आली, आय३-८१२१यू, आणि लॅपटॉपमध्ये भरभरून यायला 'आइस लेक'ची वाट बघावी लागली, २०१९ पर्यंत. मधल्या काळात तेच १४ नॅनोमीटर, स्कायलेक, केबी लेक, कॉफी लेक, व्हिस्की लेक, कॉमेट लेक. नावं वाचली की बार उघडल्यासारखं वाटतं, आत भट्टी तीच.

लीकचं म्हणाल तर मी ती वाचतो, आवडीने वाचतो, पण तीन चाळण्या लावून. लिनक्स या सगळ्यांना खुल्या असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नव्या चिपसाठी कोड येऊ लागला तर ती चिप खरंच येतेय, कारण तो कोड बहुतेक वेळा कंपनीचेच इंजिनिअर टाकतात, आणि तो चिप बाजारात येण्याच्या कितीतरी महिने आधी येतो. बेंचमार्कच्या, म्हणजे चिपचा वेग मोजणाऱ्या, साइटवर अनोळखी नावाचा आकडा दिसला तर सँपल कुणाच्या तरी टेबलावर चालू झालंय. तिसरी गंमत आपल्याच राज्यातली आहे. कस्टमच्या आयात-निर्यातीच्या नोंदींत चिपच्या सँपलांची खोकी दिसतात, आणि त्यातली बरीच बंगळुरूला जाणारी असतात, कारण या कंपन्यांची मोठाली डिझाइन केंद्रं तिथे आहेत. परदेशातली पोरं त्या नोंदी चाळून बातम्या करतात आणि त्या बातम्या वाचून आपण बेळगावात तारखा ठरवतो. खोकं बंगळुरूला पोचलं, एवढंच त्यातून कळतं. त्यात महिना लिहिलेला नसतो. ठामपणे 'अमुक तारखेला' म्हणणाऱ्या व्हिडिओवर मात्र एक पैसा लावू नका, त्याला व्ह्यू मिळाले की त्याचं काम झालं.

तुमच्या कामाला पुढची पिढी फारसा फरक पाडणार नाही. सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल रिबिल्ड होताना बहुतेक भार प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे एकाच कामगारावर, पडतो. दोन डझन कोअर असले तरी बाकीचे बघत बसतात. रेंडरिंग, सिम्युलेशन करत असाल तर कोअर कामाला येतात. नावाच्या शेवटी एचएक्स अक्षरं असलेला प्रोसेसर, बरं ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम बघा. आणि दर दिवाळीला पंखा साफ करून घ्या. उद्यमबागेतून येणारा प्रत्येक लॅपटॉप मी उघडतो तेव्हा पंख्यावर वाळूची अशी काळी साय असते की बोटाने नाव लिहावं. मागच्या महिन्यात एका पोराने 'प्रोसेसर जुना झालाय, स्लो पडलाय' म्हणून आणलं होतं. ब्रश मारला, थर्मल पेस्ट बदलली, तापमान खाली आलं आणि प्रोसेसर पुन्हा तरणा झाला. त्याने नवीन घ्यायचे पैसे बाजूला काढले होते, ते वाचले. माझं कमिशन बुडालं.

---

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिक्षिका आहे. माझा लॅपटॉप सातव्या पिढीचा, त्यावर विंडोज ११ चढत नाही. दुकानात 'रायझन ७००० सिरीज, अगदी नवी पिढी' म्हणून एक स्वस्त मॉडेल दाखवलं, रायझन ५ ७५२०यू. घेऊ का?
– एक वाचक भगिनी, खानापूर

उत्तर : बाई, सातवरून फसू नका. रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या त्या मालिकेत पहिला आकडा फक्त बाजारात आणल्याचं वर्ष सांगतो, सात म्हणजे २०२३. आतली रचना कुठली ते तिसऱ्या आकड्यात असतं. त्या रचनांना 'झेन' म्हणतात. ७५२० मध्ये तिसरा आकडा दोन, म्हणजे झेन २, ती रचना २०१९ ची. ७५३० असता तर झेन ३, २०२० ची. तिसरा आकडा चार असेल, ७६४०यू किंवा ७८४०यू, तर झेन ४. घडी नवी, पण लुगडं आजीचंच. इंटेलही काही मागे नाही. नुसतं 'कोअर ५ १२०यू' लिहिलं असेल, मध्ये 'अल्ट्रा' नसेल, तर आत जुनाच रॅप्टर लेक आहे.

म्हणून ते मशीन टाकाऊ ठरत नाही. हजेरी, निकालपत्रक, प्रोजेक्टरवर व्हिडिओ, एवढं ते निवांत करेल. पण 'नवी पिढी' म्हणून चार पैसे जास्त मागत असेल तर मोजू नका.

घाईही नको. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरं. पण सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी ठेवली आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. ती करून टाका. म्हणजे गणपतीपर्यंत बघायला वेळ मिळेल.

---

प्रश्न : काका, मी बी.कॉम.ला आहे. दुकानात म्हणाले एनपीयू ४० टॉप्सचा नसेल तर तो लॅपटॉप दोन वर्षांत भंगार. खरं का?
– एक विद्यार्थी, शहापूर

उत्तर : नाही रे. एनपीयू म्हणजे प्रोसेसरमधला एआयची कामं करणारा भाग, आणि टॉप्स हे त्याच्या वेगाचं माप. ४० टॉप्स ही मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये 'कोपायलट प्लस' असं नाव मिरवायला घातलेली अट आहे. टॅली आणि एक्सेल ते विचारत नाहीत. त्याच पैशात एसएसडी ५१२ जीबीची मिळते का बघ.

आणि सगळ्यांनाच एक विनंती. व्हॉट्सॲपवर 'काका, हा लॅपटॉप कसा आहे' म्हणून झाकणाचा फोटो पाठवू नका. झाकण सगळ्यांचं सारखंच असतं. उलटा करा, खालच्या लेबलावरचा मॉडेल नंबर दिसेल असा फोटो काढा, आणि बोट मध्ये येऊ देऊ नका.